लढाई युक्रेनात, सोयाबीन घरात: युद्धाच्या बातमीवर माल धरावा का?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसकडच्या एका शेतकरी भावाचा आहे. थोडक्यात असा: ९ एकर शेती, घरात ४० क्विंटल सोयाबीन, बाजारात क्विंटलला ४,४०० च्या आसपास भाव. काका म्हणतात, "२२ साली युक्रेनचं युद्ध लागलं तेव्हा सोयाबीन सात हजारावर गेलं होतं, आताही तिकडे पेटलेलंच आहे, धरून ठेव." अडत्या म्हणतो, विकून मोकळा हो. गावच्या ग्रुपवर अर्धे रशियाचे, अर्धे अमेरिकेला शिव्या देणारे. शाळेतले एक मास्तर म्हणतात, भारत कोणाच्या बाजूने आहे ते कळलं की भावही कळेल. शेवटी विचारलंय की पुढच्या खरिपाचं डीएपी खत आत्ताच भरून ठेवावं का.

भाऊ, तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतले आहेत. युद्धात कोण बरोबर, हा पहिला. भारत कुठे उभा आहे, हा दुसरा. आणि माझ्या ४० पोत्यांच्या थप्पीचं काय, हा तिसरा. (आपल्याकडे क्विंटलचं पोतं धरूनच लोक बोलतात, म्हणून तसं म्हटलं.) पारावर हे तिन्ही एका दमात बोलले जातात आणि तिथेच घोळ होतो. ज्याला रशिया जिंकावा वाटतो त्याला भावही चढावा वाटतो, आणि मग तो दुसऱ्यालाही माल धरायला लावतो.

आधी हे सांगतो की उत्तर कशावर अवलंबून आहे. तुमच्या मालात ओलावा किती, डोक्यावर कर्ज कोणाचं आणि किती टक्क्याने, जवळ हमीभावाचं केंद्र सुरू आहे की नाही, आणि ठेवायला कोरडी जागा आहे का. या चार गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत. त्यामुळे "धरा" किंवा "विका" असं एका शब्दात मी सांगणार नाही. हिशेब कसा लावायचा ते सांगतो.

काकांच्या आठवणीपासून सुरुवात करू, कारण ती खोटी नाही, अर्धी आहे. रशियाने युक्रेनवर चढाई केली २४ फेब्रुवारी २०२२ ला. त्यानंतरच्या आठवड्यांत आपल्याकडे सोयाबीन सात हजारांच्या वर होतं, हे खरं. पण ते युद्धाआधीच सहा हजारांच्या पुढे गेलेलं होतं. कारण त्या हिवाळ्यात ब्राझीलचा दक्षिण भाग, अर्जेंटिना आणि पॅराग्वेत दुष्काळ पडला होता आणि जगाचं सोयाबीन तिथूनच येतं. त्याच्याही आधी, २०२१ च्या जुलै-ऑगस्टात, काही बाजारांत भाव दहा हजारांवर गेला होता. तेव्हा युक्रेनचं नावही पारावर कोणी घेत नव्हतं.

आणि पुढचं काकांनी सांगितलं नाही. युद्ध थांबलं नाही, भाव मात्र थांबला. २०२२ च्या दिवाळीला नवीन माल आला तेव्हा सोयाबीन पाच हजारांच्या आसपास होतं, त्यानंतरच्या दोन वर्षांत आणखी उतरत चार-साडेचार हजारांत आलं. मार्चमध्ये ज्याने सातला विकलं तो सुटला. "युद्ध वाढलं की दहा होईल" म्हणून ज्याने कोठी बंद ठेवली त्याला ते पाच सहन करावे लागले. कापसाचंही तेच झालं. २०२२ च्या उन्हाळ्यात कापूस बारा हजारांपर्यंत गेला. तो आकडा डोक्यात धरून पुढच्या हंगामात लोकांनी आठ-साडेआठला नको म्हटलं आणि मे-जून २०२३ मध्ये सातला दिला. घराघरांत कापूस, अंगाला खाज, आणि बाहेर खेडा खरेदीवाला रोज शंभर कमी सांगतोय.

बाजार असं का करतो? जहाज अडेल या भीतीने भाव आधी उडतो. मग जहाज दुसऱ्या वाटेने निघतं आणि भाव खाली येतो. शिकागोच्या बाजारात गव्हाचा भाव मार्च २०२२ च्या पहिल्या पंधरवड्यात शिखरावर होता आणि जुलैपर्यंत युद्धाआधीच्या पातळीला परत आला होता. २२ जुलै २०२२ ला इस्तंबूलमध्ये तुर्की आणि संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने काळ्या समुद्रातून धान्य नेण्याचा करार झाला. वर्षभरात त्या वाटेने सव्वातीन कोटी टनांहून जास्त धान्य बाहेर पडलं. १७ जुलै २०२३ ला रशियाने त्या करारातून अंग काढलं तेव्हा पुन्हा ओरड झाली, पण युक्रेनने किनाऱ्याकिनाऱ्याने स्वतःची वाट काढली. सूर्यफूल तेलाचं पाहा. युद्धाआधी आपलं बहुतेक सूर्यफूल तेल युक्रेनमधून यायचं. आता रशियाच आपला मोठा पुरवठादार आहे. पाट फिरला, पाणी आटलं नाही.

आता सोयाबीनचं पोट उघडून पाहू, कारण सगळा गैरसमज तिथे आहे. लोक समजतात की सोयाबीन म्हणजे तेल, तेल महागलं की सोयाबीन महागणार. एक क्विंटल सोयाबीन प्लांटवर गेलं की त्यातून तेल निघतं साधारण १८ किलो आणि ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, निघते ८० किलोच्या आसपास. ही ढेप कोंबडीखाद्यात जाते, काही परदेशात जाते. समजा कारखान्याच्या दारात तेलाला किलोमागे १२० आणि ढेपेला ३५ रुपये मिळतात. तेलाचे झाले २,१६०, ढेपेचे २,८००. एकूण ४,९६०. त्यातून गाळपाचा खर्च, वाहतूक, अडत, कारखान्याचा नफा गेला की तुमच्या हाती येतो तो साडेचारच्या आतला भाव. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, रोजचे दर तुम्ही टाकून बघा.

आता युद्धाची बातमी आली आणि तेल किलोमागे १० रुपयांनी चढलं असं धरा. सोयाबीनला जास्तीत जास्त १८० रुपये आधार मिळतो. त्याच महिन्यात ब्राझीलचं पीक चांगलं आलं, किंवा मक्यापासून इथेनॉल बनवणाऱ्या कारखान्यांची स्वस्त पेंड कोंबडीखाद्यात शिरली आणि ढेप किलोमागे ५ रुपयांनी उतरली, तर सोयाबीनचे ४०० गेले. म्हणजे घरात फोडणीचं तेल महाग आणि बाजार समितीत सोयाबीन स्वस्त, हे एकाच वेळी होऊ शकतं. झालंही आहे. "आमाले काहून लुटता?" असं बायका किराणा दुकानात आणि माणसं अडत्याला विचारतात ते दोघंही खरंच बोलत असतात. म्हणून युद्धाची बातमी वाचून तेलाचा भाव पाहू नका, ढेपेचा विचारा. अडत्याला रोज ठाऊक असतो. तो सांगत नाही कारण कोणी विचारत नाही.

कापसाचा हिशेबही असाच लागतो. क्विंटलभर कापसातून ३४ किलोच्या आसपास रुई आणि ६३-६४ किलो सरकी. रुईचा भाव खंडीवर बोलतात, खंडी म्हणजे ३५६ किलो. जिनिंगवाला "खंडी पडली" म्हणाला की ३५६ ने भागा, ३४ ने गुणा, सरकीचे पैसे मिळवा, मग त्याच्याशी बोला.

इथपर्यंत बाजार झाला. पण बातमी तिकडून निघाली आणि भाव तुमच्या कोठीपर्यंत आला, या मध्ये एक माणूस उभा असतो आणि तो ना पुतिन असतो ना झेलेन्स्की. तो दिल्लीतला अधिसूचना काढणारा असतो. २०२२ मध्ये काय झालं ते क्रमाने बघा. युद्धामुळे सूर्यफूल तेल अडलं. एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली, ती साधारण तीन आठवड्यांनी उघडली. १३ मे ला आपण गव्हाची निर्यात बंद केली. आणि २४ मे ला केंद्राने कच्चं सोयाबीन तेल आणि कच्चं सूर्यफूल तेल, प्रत्येकी वर्षाला २० लाख टन, दोन वर्षांसाठी शुल्काशिवाय आणायला परवानगी दिली. शहरातल्या ग्राहकासाठी ते बरोबर असेल, मी त्यावर भांडत नाही. पण बाहेरचं तेल बिनशुल्क आल्यावर आपल्या सोयाबीनच्या भावाचं छप्पर तिथेच ठरलं. शिवाय सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने २० डिसेंबर २०२१ पासूनच बंद ठेवलेले, त्यामुळे पुढच्या तीन महिन्यांचा भाव काय दिसतो हे बघायची खिडकीही नव्हती. कापसावरचं ११ टक्के आयात शुल्कही १४ एप्रिल २०२२ ला उठलं.

उलटही होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे महाराष्ट्राच्या विधानसभा निवडणुकीच्या आधी, कच्च्या खाद्यतेलांवरचं एकूण आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेलं. मे २०२५ च्या शेवटी ते पुन्हा १६.५ वर आणलं. या दोन्ही तारखांना युक्रेनात लढाई सुरूच होती. क्षेपणास्त्र कुठे पडलं यापेक्षा आयात शुल्काची अधिसूचना कधी निघाली यावर तुमच्या सोयाबीनचं जास्त ठरतं. म्हणून ग्रुपवरच्या युद्धाच्या नकाशांऐवजी एखादा माणूस शुल्काच्या बातम्या टाकायला नेमा, गावाचं भलं होईल.

मास्तरांचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. भारताच्या भूमिकेचा भावाशी संबंध आहे, फक्त ते समजतात तसा सरळ नाही. सगळ्यात चांगलं उदाहरण २०२५ चं आहे आणि ते आपल्या कापसाचं आहे.

युद्धाआधी आपण बाहेरून आणायचो त्या खनिज तेलात रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्याही आत होता. युरोपने रशियाचं तेल घेणं कमी केलं, ते सवलतीत मिळू लागलं, आणि २०२३-२४ पर्यंत त्याचा वाटा ३५ टक्क्यांच्या घरात गेला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने याच कारणावर बोट ठेवून भारतीय मालावर आधीच्या २५ टक्क्यांच्या वर आणखी २५ टक्के शुल्क लावलं, २७ ऑगस्टपासून. अमेरिका हे आपल्या तयार कपड्यांचं सर्वात मोठं गिऱ्हाईक. तमिळनाडूत तिरुपूरच्या कपडे कारखानदाराच्या पोटात गोळा आला. त्याला कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. आपला कापूस घरी येतो दसरा-दिवाळीला. म्हणजे वेचणी सुरू आणि बंदरावर बाहेरची गाठ शुल्काशिवाय उतरतेय. किव्हपासून कळंबपर्यंत अशी ही साखळी आहे. यात कापूस पिकवणाऱ्याला कोणीही विचारलेलं नव्हतं. त्यावर आपल्याकडे जे मोर्चे निघाले त्यात युक्रेनचं नाव कुठे नव्हतं, तरी ते त्याच युद्धाचे मोर्चे होते असं माझं मत आहे.

डिझेलचं थोडक्यात: ते स्वस्त रशियन तेलामुळे पंपावर स्वस्त झालं असं कोणी म्हणालं तर मान हलवून पुढे जा. मार्च २०२२ मध्ये जागतिक तेल पिंपामागे १३० डॉलरच्या वर जाऊन आलं तेव्हा आपल्याकडे चार महिने दर हललेच नव्हते, पाच राज्यांच्या निवडणुका झाल्यावर दोन आठवड्यांत लिटरमागे दहा रुपये वाढले. नंतर जागतिक भाव उतरले तेव्हाही पंपाचा काटा जवळपास तिथेच राहिला.

आता युद्धात कोण बरोबर या भांडणाचं. तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो, नाहीतर मी सोयाबीनवरच थांबलो असतो.

आपल्याकडे रशियाबद्दल जी आपुलकी आहे ती हवेतली नाही. १९७१ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार झाला आणि डिसेंबरच्या लढाईत सुरक्षा परिषदेत त्यांनीच नकाराधिकार वापरला. गोंदियाच्या पलीकडे भिलाईचा पोलाद कारखाना त्यांच्या मदतीने उभा राहिला. पण तेव्हाच्या सोव्हिएत संघात युक्रेनही होता, हे सोयीने विसरलं जातं. आपल्या हवाई दलाची एएन-३२ मालवाहू विमानं युक्रेनच्या अँतोनोव्हची, त्यांच्या नूतनीकरणाचा करार २००९ मध्ये युक्रेनशीच झाला. आणि हवाई दलाच्या देखभाल कमांडचं मुख्यालय कुठे आहे? नागपुरात. दुसऱ्या बाजूचं खरंही तितकंच खरं आहे: १९९० च्या दशकात युक्रेनने पाकिस्तानला सुमारे ३२० रणगाडे विकले. ग्रुपवर हा फॉरवर्ड फिरतो तो खोटा नाही. त्यावरून एका देशाच्या शहरांवर बॉम्ब पडणं योग्य ठरतं का, हा वेगळा प्रश्न.

माझं मत विचाराल तर ही चढाई आहे. बांध कोरला म्हणून तक्रार असू शकते, जुना व्यवहार असू शकतो, पण दुसऱ्याच्या वावरात ट्रॅक्टर घालून नांगरट केली की त्याला नाव एकच. युक्रेनने १९९४ मध्ये बुडापेस्टला अण्वस्त्रं सोडून दिली तेव्हा त्याच्या सीमांचा मान राखू असं लिहून देणाऱ्यांत अमेरिका आणि ब्रिटनबरोबर रशियाही होता. नाटो या पाश्चात्य देशांच्या लष्करी गटाच्या विस्ताराबद्दल रशियाची तक्रार आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. १९९० मध्ये जर्मनी एक होताना तोंडी काय बोललं गेलं यावर आजही अभ्यासक भांडतात, पण लेखी करार तसा नाही. आणि आपल्या गावात सातबारा चालतो, तोंडी नाही चालत.

मग भारताने रशियाच्या विरोधात मत का दिलं नाही? २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या चढाईच्या निषेधाचा ठराव आला. १४१ देश ठरावाच्या बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ. आपण तटस्थांत होतो, चीनही. तटस्थ म्हणजे रशियाच्या बाजूने नव्हे. बाजूने असतो तर त्या पाचांत बसलो असतो. त्या दिवशी आपली हजारो पोरं युक्रेनात अडकलेली होती, त्यांना बाहेर काढायला दोन्ही बाजूंनी रस्ता द्यायला हवा होता. साधारण २२,५०० भारतीय तेव्हा परत आले. सैन्याची शस्त्रं मोठ्या प्रमाणात रशियन बनावटीची, त्यांचे सुटे भाग तिथून येणार. आणि २०२० पासून लडाखमध्ये चीन समोर उभा. सप्टेंबर २०२२ मध्ये समरकंदला पंतप्रधानांनी पुतिन यांना तोंडावर सांगितलं की आजचं युग युद्धाचं नाही. हे सगळं एकत्र ठेवून बघा. कोणाला ते शहाणपण वाटेल, कोणाला पळवाट. मला त्यात दोन्ही दिसतं.

फॉरवर्ड आला तर एवढंच तपासा: व्हिडिओत तारीख आहे का, आकडा कोणी मोजला ते लिहिलंय का, आणि शेवटी काहीतरी विकायला किंवा कोणाला तरी शिवी द्यायला सांगतोय का. २०१४ चे, सीरियाचे, अगदी संगणकावरच्या खेळांचे तुकडे युद्ध म्हणून फिरलेले आहेत. एक प्रकारचा मेसेज मात्र वादाचा नाही, धोक्याचा आहे: "रशियात हेल्परची नोकरी, लाखभर पगार, पर्यटक व्हिसावर जा." अशा आमिषाने गेलेल्या भारतीयांना थेट सैन्यात घेतल्याचं सरकारनेही मान्य केलं आहे. गावात कोणी पोरगा तयारीत असेल तर एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत आहे का, ते आधी बघा.

आता डीएपी. इथे युद्ध भावाच्या रूपाने येत नाही, "नाही" या शब्दाच्या रूपाने येतं. युरियाची ४५ किलोची बॅग २६६ रुपये ५० पैसे, डीएपीची १,३५०. जगात काहीही होवो, बॅगेवरचा आकडा सरकार धरून ठेवतं. एप्रिल २०२२ मध्ये डीएपीच्या एका बॅगेमागे अनुदान १,६५० वरून २,५०१ रुपयांवर न्यावं लागलं होतं. पण कंपनीला बाहेरून आणणं परवडत नसेल तर ती आणतच नाही, मग केंद्रावर बॅग दिसत नाही, आणि दिसली तर तिच्यासोबत नको असलेलं मायक्रोन्यूट्रियंट किंवा नॅनो खताची बाटली गळ्यात मारतात. तेच ते लिंकिंग. यातही सगळं युद्धावर ढकलू नका. चीनने फॉस्फेटची निर्यात आवळली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये, युद्धाच्या आधी. २०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या.

तर तुम्ही भरून ठेवावं का? सोयाबीनच्या एकराला एक बॅग या हिशेबाने, तुमच्या गरजेपुरतं, केंद्रावर आत्ता मिळत असेल तर घ्या. हंगाम नसतो तेव्हा लिंकिंगचा जोरही कमी असतो. त्याहून जास्त नको. फळीवर ठेवा, भिंतीपासून हातभर दूर, ताडपत्री वरून. जमिनीला टेकलेली बॅग पहिल्या पावसात खालून दगड होते आणि ती मग तिफणीच्या नळीतून उतरत नाही. बिल ई-पॉस मशीनचंच घ्या.

बॅग रस्त्यावरच्या गाडीतून किंवा अनोळखी माणसाकडून "स्वस्तात" आली असेल तर तळहातावर चार दाणे घ्या, तंबाखूला लावता तसा चुना लावा आणि अंगठ्याने चोळा. डीएपी असेल तर अमोनियाचा असा भपका येतो की नाकाजवळ हात धरवत नाही. वास आला नाही तर ते डीएपी नाही. वास आला म्हणून स्फुरद पूर्ण ४६ टक्के आहेच असंही नाही, ते प्रयोगशाळाच सांगेल. शंका आली तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे नमुना घ्यायला सांगा.

डीएपी मिळालंच नाही तर हातपाय गाळू नका. ५० किलोच्या बॅगेत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद, म्हणजे बॅगेत ८ किलो. तीन बॅगा सुपर आणि २० किलो युरिया घेतला की हिशेब बरोबर होतो, वरून १६ किलोच्या आसपास गंधक फुकट मिळतं. सोयाबीनला तेलासाठी गंधक लागतंच, ते डीएपीत नसतं. अडचण इतकीच की उचलायला तिप्पट वजन. आणि सुपर व युरिया आदल्या दिवशी मिसळून ठेवू नका, रात्रीतून चिखल होतो. पेरणीच्या वेळीच मिसळा आणि खत बियाण्याला चिकटणार नाही असं पाडा.

राहिले तुमचे ४० क्विंटल. त्यातलं घरचं बियाणं आधी बाजूला काढा, एकरी ३० किलोने. नऊ एकर धरले तर पावणेतीन क्विंटल. गोणपाटात शंभर दाणे ओले करून उगवण बघा, ७० च्या खाली आली तर तो माल बियाणं नाही.

उरलेल्या मालाला जे जवळ असेल ते हमीभावाचं केंद्र बघा. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ आहे. ४,४०० च्या बाजारासमोर क्विंटलमागे नऊशेचा फरक कोणतंही युद्ध तुम्हाला इतक्या खात्रीने देणार नाही. त्यासाठी सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत (पिकाच्या सरकारी नोंदीत) सोयाबीन लागलेलं हवं, नोंदणी वेळेत हवी आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. पैसे यायला वेळ लागतो, आणि बारदाना संपला म्हणून खरेदी थांबते, हेही गृहीत धरा.

केंद्र नसेल आणि थांबायचंच असेल तर थांबण्याची किंमत काढा. १३ टक्के ओलाव्याचा माल वाळून साडेदहावर आला की क्विंटलमागे २ किलो ८०० ग्रॅम वजन जातं, म्हणजे १२० रुपयांच्या वर. सावकाराचे पैसे महिन्याला शेकडा तीनने असतील तर पाच महिन्यांत ४,४०० वर ६६० रुपये. भाव ५,२०० च्या पुढे गेला तर कुठे तुम्ही आजच्या जागेवर येता. त्यापेक्षा विकून सावकार फेडणं कधीही परवडतं. बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा महिन्यांसाठी, ६ टक्के व्याजाने. ३,३०० रुपयांवर पाच महिन्यांचं व्याज होतं ८३ रुपये. घट, हमाली, भाडं धरून क्विंटलमागे तीनशेच्या आत भागतं, म्हणजे भाव ४,७०० झाला की फायदा सुरू. सावकारी कर्ज असेल तितका माल आज विका, बाकी तारणात टाका. मार्चमध्ये ब्राझीलचं पीक बाजारात उतरतं, त्याच्या आधी त्यातला निम्मा काढा. उरलेला निम्मा काकांच्या युद्धासाठी ठेवला तरी चालेल.

हे सगळं ओलाव्यावर येऊन थांबतं. दाताखाली दाणा फुटतो म्हणून "वाळलं आहे" असं धरू नका. थप्पीच्या मधल्या पोत्यात बांबी (नमुना काढायची पोकळ सळई) घालून मूठभर दाणे काढा, वरच्या पोत्यातले नकोत, आणि बाजार समितीत किंवा अडत्याकडे ओलावामापकावर मोजून आणा. तो आकडा, कर्ज कोणाचं आहे ते, आणि केंद्र किती लांब आहे ते इथे लिहा, म्हणजे किती क्विंटल कुठे टाकायचे ते नेमकं सांगता येईल.